इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची फ्रेम घुमते किंवा घरघरते: शोध कुठून सुरू करायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "बाकी सगळं सुरेख वाजतंय, पण एका ठरावीक सुरावर काहीतरी घोंघावतं." इलेक्ट्रोस्टॅटिक वापरणारी मंडळी कानाने तयार असतात, त्यामुळे पुढचा प्रश्नही ठरलेला: "पॅनल गेलं का हो?" सहसा गेलेलं नसतं. पॅनल (म्हणजे आवाज काढणारी पातळ फिल्म आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या प्लेट) ज्या चौकटीत बसलंय ती चौकट हलत असते, आणि त्यातलं बरंचसं काम घरच्या घरी, मागचं कव्हर न उघडता होतं.

माझ्या हाताखालून जास्त करून क्वाड या इंग्लिश कंपनीचे जुने स्पीकर जातात. १९५७ चा मूळ ईएसएल, ज्याला सगळे नुसतं ५७ म्हणतात, आणि १९८१ मध्ये आलेला ईएसएल-६३. उदाहरणं त्यांचीच देतो. तत्त्व कुठल्याही सपाट पॅनलला तेच लागू आहे.

लक्षणं

पहिलं आणि सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे एका सुराला घरघर. डग्ग्यावर तळहात दाबत नेऊन काढलेली मींड लावा. सूर खालून वर सरकत जातो आणि मधेच एका जागी फ्रेम त्याला पकडते, "घर्र" होतं, सूर पुढे गेला की सोडते. त्याच रेकॉर्डिंगमध्ये, त्याच जागी, दर वेळी.

दुसरं लक्षण पकडायला कठीण. घरघर नसते, पण पुरुषी आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो, तंबोऱ्याचा खर्ज सुटायला हवा तिथे सुटत नाही, मागे शेपूट रेंगाळतं. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर येतो. हा भाग फ्रेमच्या डोलण्याला आणि वाकण्याला अगदी सोयीचा.

तिसरं: फ्रेमच्या वरच्या काठावर बोटं ठेवली की मुंग्या आल्यासारखं जाणवतं आणि काठ दाबून धरला की आवाज बदलतो. हे जुळलं तर निदान जवळजवळ झालंच.

आता जे या लेखात येत नाही तेही सांगतो. गाणं बंद असतानाही सूं सूं किंवा तडतड येत असेल, पावसाळ्यात वाढत असेल, तर ती उच्च दाबाच्या विजेची गळती आहे, फ्रेमचा संबंध नाही. ओझोनचा उग्र वास आणि चटचट आवाज आला तर लगेच प्लग काढा. गाणं बंद असताना संथ, एकसुरी "हम्म" असेल तर तो ट्रान्सफॉर्मर. आपली मेन्स ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरची पत्री तिच्या दुपटीने म्हणजे १०० हर्ट्झने थरथरते.

इतकी हलकी फिल्म फ्रेम कशी हलवेल?

हा प्रश्न रास्त आहे. डायफ्रॅम म्हणजे काही मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिकची फिल्म. पण ती ढकलते ती हवा तिच्यापेक्षा जड असते. स्टेटर, म्हणजे फिल्मच्या बाजूची स्थिर प्लेट, फिल्मला जितक्या जोराने ढकलतो, तितकाच उलटा धक्का स्टेटरला बसतो आणि तिथून फ्रेमला. पेटीच्या स्पीकरमध्ये हा धक्का जाड प्लायच्या खोक्यात जिरतो. इथे खोकं नाहीच. ईएसएल-६३ सुमारे ९२ सेंटिमीटर उंच, ६६ सेंटिमीटर रुंद आणि वजन २० किलोच्याही आत. एवढा मोठा पत्रा उथळ बैठकीवर उभा, आणि धक्के नेमके पुढे-मागे, म्हणजे तो ज्या दिशेला सगळ्यात कमी आवरलेला आहे त्याच दिशेला बसतात. खालच्या सुरांना अख्खा स्पीकर पायांवर डोलतो, थोड्या वरच्या सुरांना बाजूच्या उभ्या पट्ट्या वाकतात.

यातून दोन वेगळे आजार होतात आणि त्यांची औषधंही वेगळी. घरघर म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर आपटताहेत: सैल स्क्रू, ग्रिल, पाय. त्यावर आवळणं किंवा मधे फेल्ट घालणं हाच उपाय. घुमणं म्हणजे एकच वस्तू आपल्या सुरात झुलते आहे. तिथे तीनच गोष्टी चालतात: ताठ करा, जड करा, किंवा कंप जिरवणारं काही चिकटवा. ताठ केलं की सूर वर सरकतो, जड केलं की खाली. दोन्ही वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे सूर निम्म्यावर आणायचा तर वजन चौपट हवं. फ्रेमवर दोन-तीन किलोची वीट ठेवून फार काही होत नाही ते यामुळेच. आणि सरकवलेला सूर नाहीसा होत नाही, दुसऱ्या पत्त्यावर राहायला जातो. कंप खरा मारायचा तर तो जिरवावाच लागतो.

बाजारातून डॅम्पिंग शीट आणून आधी सगळीकडे फासणारे लोक भेटतात. सैल स्क्रूची घरघर शीटने जात नाही. म्हणून क्रम पाळा.

आधी खोली, मग स्पीकर

फुकट आहे, पाच मिनिटांत होतं. मोबाईलवरून साइन स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा एकच शुद्ध सूर, लावा, ३० पासून ४०० हर्ट्झपर्यंत, हळू सरकणारा, आवाज बोलण्याइतकाच. जोरात लावू नका. सलग साइन हा गाण्यापेक्षा निर्दय असतो आणि ५७ ला तर ३३ व्होल्टच्या शिखरावर जाऊ द्यायचंच नाही. जिथे घोंघावतं तो आकडा कागदावर लिहा. पुढची सगळी तपासणी त्याच एका आकड्यावर सूर धरून करायची.

सूर चालू ठेवून खोलीत फिरा. तीन पावलं सरकल्यावर घुमणं नाहीसं होत असेल, कोपऱ्यात वाढत असेल, तर ती खोली आहे. दहा फुटांच्या भिंतींमध्ये पहिला सूर ५७ हर्ट्झच्या आसपास बसतो, बारा फुटांत ४७ च्या. फ्रेमचा आवाज मात्र कुठेही उभं राहिलं तरी स्पीकरकडूनच येतो.

हे स्पीकर मागेही तितकाच आवाज फेकतात. फ्लॅटमध्ये मागे बहुधा अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी असते. सूर चालू असताना काचेवर तळहात दाबा. थांबलं तर चॅनलमध्ये वर्तमानपत्राची घडी कोंबा आणि स्पीकर निदान एक मीटर पुढे ओढा. शोकेसच्या काचा, स्टीलच्या कपाटाचं दार, वरचा पंखा, सगळ्यांना एकेकदा हात लावून घ्या. खोलीत सबवूफर असेल तर तो बंद करूनही ऐका, कारण तो जमिनीतून फ्रेम हलवतो.

मग डावी-उजवी वायर अदलाबदल करा. आवाज दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष मागच्या यंत्रात, स्पीकर निर्दोष. तबकडी वाजवत असाल तर तेच गाणं फोनवरून लावून बघा. वाकडी एलपी आणि टोनआर्म मिळून दहा हर्ट्झच्या आसपासचा न ऐकू येणारा हेलकावा तयार करतात आणि उंच पॅनल त्याने चक्क डोलताना दिसतं. अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर असेल तर चालू करा, काम संपलं.

तळहाताची तपासणी

आधी एक अट. स्पीकरची थ्री-पिन वायर आणि घरातलं अर्थिंग ठीक आहे हे बघून घ्या. जुन्या इंग्लिश स्पीकरांवर कोणी टू-पिन प्लग लावून ठेवलेला असतो. तसा दिसला तर पुढचं काही करू नका, आधी तो बदलून घ्या. धातूच्या ग्रिलला अर्थिंग असायलाच हवं.

आता सूर धरा आणि फ्रेमला फक्त बाहेरून, लाकडावर, तळहाताने दाबत चला: वरचा काठ मधोमध, दोन्ही कोपरे, उभ्या बाजू मधोमध, खालचा काठ, शेवटी पाय. वाजणारी झांज मुठीत धरावी तसा आवाज जिथे मरतो, ती जागा पेन्सिलने खूण करा. वरचा काठ धरल्यावर गेला तर स्पीकर डोलतो आहे. बाजूची पट्टी मधोमध दाबल्यावर गेला तर पट्टी वाकते आहे. ग्रिलवर हलकं बोट टेकताच गेला तर ग्रिल. या एका तपासणीवर पुढचं सगळं ठरतं, म्हणून घाई करू नका.

ज्यांना आकडे हवेत त्यांनी फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्यावं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं आहे. फोन दुहेरी टेपने फ्रेमच्या वरच्या काठाला चिकटवा आणि त्वरणाचा स्पेक्ट्रम बघा. फोनचा सेन्सर सेकंदाला काही शे वेळाच मोजतो, त्यामुळे त्याच्या निम्म्याच्या वरचे आकडे खरे धरू नका. शंभर हर्ट्झच्या खालच्या डोलण्याला मात्र हे साधन झकास. दुरुस्तीआधीचा आलेख जपून ठेवा.

पाय आणि जमीन

व्हिट्रिफाइड टाइल्स दिसतात सपाट, असतात क्वचितच. प्रत्येक पायाखाली पोस्टकार्ड सरकवून बघा. एका पायाखालून ते न अडखळता सहज पार गेलं तर स्पीकर तीन पायांवर उभा आहे आणि चौथा पाय तालात आपटतो आहे. पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची पाचर घाला. मग फरशीवर नाण्याने वाजवा. "टण्" च्या जागी "बद्द" आलं तर टाइलखाली पोकळी आहे, स्पीकर एक टाइल सरकवा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात.

मऊ रबराचे, स्पंजचे, जेलचे महागडे पाय या स्पीकरांखाली घालू नका, हे माझं स्पष्ट मत. ते जमिनीला कंपापासून वाचवतात, पण उंच आणि हलक्या पॅनलला आणखी डोलू देतात. आपल्याला उलटं हवंय: बैठक जड आणि जमिनीला घट्ट.

त्यासाठी कडप्पा छान. ७० बाय ३५ सेंटिमीटर, २० मिलिमीटर जाड तुकडा १३ किलोच्या आसपास भरतो आणि दगडवाल्याकडे किचन ओट्याच्या उरलेल्या मालात स्वस्तात मिळतो, कडा घासून घ्या. पण दगड नुसता खाली ठेवून उपयोग नाही, तो फक्त नवी फरशी होतो. पायाच्या जागी भोकं पाडून बोल्टने बैठकीला आवळला तरच तो स्पीकरचं वजन होतो.

५७ बुटका, म्हणून लोक त्याला फॅब्रिकेटरकडून एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा स्टँड करून घेतात. मोकळा पाइप नखाने वाजवून बघा, घंटा ऐकू येईल. त्यात चाळलेली, उन्हात पूर्ण वाळवलेली वाळू भरा आणि तोंड बंद करा. ओली वाळू आतून गंज लावते.

स्क्रू आणि ग्रिल

स्पीकर बंद, प्लग काढलेला, अ‍ॅम्पची वायर सुटी. बाहेरून दिसणारे स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, ड्रिलने नव्हे, चढवत जा. जुन्या लाकडाने पावसाळे आणि उन्हाळे बघितलेले असतात. ते फुगतं, आकसतं, आणि स्क्रू जागच्या जागी फिरायला लागतो. फिरतोय पण चढत नाही असा स्क्रू सापडला की तो काढा, काडेपेटीच्या काड्यांचं गूल तोडून दोन-तीन काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात बसवा, रात्रभर वाळू द्या, बाहेर आलेलं टोक ब्लेडने छाटा आणि तोच स्क्रू परत लावा. लांब स्क्रू लावायचा मोह टाळा. आत किती अंतरावर पॅनल आहे हे बाहेरून दिसत नाही.

धातूची ग्रिल फ्रेमवर जिथे टेकते तिथे ती वाजते. नखाने टिचकी मारत कडेकडेने फिरा. सगळीकडे बसका आवाज येतो आणि एखाद्या फुटात खणखणतो, तिथे ती उचललेली आहे. ग्रिल न काढता फटीत दोन मिलिमीटर फेल्टची पट्टी बसत असेल तर बसवा. काढावीच लागणार असेल तर थांबा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

खोटा टेकू, मग खरा

एवढं करूनही वरचा काठ धरल्यावरच आवाज जात असेल तर स्पीकरला मागून टेकू हवा. करून घेण्याआधी खोटा लावून बघा: झाडूची काठी स्पीकरच्या मागे वरच्या काठापासून तिरकी जमिनीपर्यंत, वरच्या टोकाला फडकं गुंडाळून, खाली कोणीतरी पायाने अडवून धरायची. सूर लावा. फरक कानाला स्पष्ट असेल तरच पुढे जा.

क्वाडने स्वतः पुढे २८०५ आणि २९०५ या मॉडेलना मागून असाच आधार दिला, तेव्हा कल्पना काही घरगुती जुगाड नाही. सागाची किंवा १२ मिलिमीटर प्लायची अरुंद पट्टी, खाली बैठकीच्या मागच्या टोकाला, वर फ्रेमला. बैठक मागे जितकी लांब तितका त्रिकोण ताठ, म्हणून कडप्पा मागे थोडा जास्त ठेवला तर दोन्ही कामं होतात. पट्टी लाकडाचीच घ्या, धातू मागे नको. रुंदही नको, मागचा आवाज अडतो. वर फ्रेमला भोक पाडण्याऐवजी फेल्ट लावलेला लाकडी क्लॅम्प धरा: जुन्या स्पीकरची किंमत टिकते आणि ड्रिलचं टोक पॅनलमध्ये जात नाही.

कंप जिरवणारी शीट

बाजूची पट्टी वाकते असं तळहाताने सांगितलं असेल तरच. गाड्यांच्या दारात लावतात ती ब्यूटाइलची शीट घ्या, डांबराची नको. डांबरी शीट मे महिन्यात मऊ पडते, घसरते आणि वास मारते. पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, मधल्या एक तृतीयांश भागात, स्पिरिटने पुसून, रोलरने दाबून लावा. दोन्ही टोकांना बांधलेली पट्टी मधोमध चांगलीच वाकते, तिथे रबर ताणलं जातं आणि कंपाची उष्णता होते.

या शीटवर वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल असते. फॉइल विजेची वाहक. ती फ्रेमच्या आतल्या अंगाला, पॅनलजवळ, किंवा ग्रिलच्या भोकांवर कधीही लावायची नाही. बाहेर फॉइल शोभत नसेल तर फॉइल नसलेली ब्यूटाइल पट्टी आणि वर तीन मिलिमीटरची प्लाय चिकटवा, काम तितकंच चांगलं होतं.

दर बदलानंतर पुन्हा स्वीप लावा. आकडा वर सरकला आणि आवाज कमी झाला तर बरोबर चाललंय. नुसता सरकला आणि तितकाच जोरात असेल तर ताठपणा वाढला, पण कंप जिरला नाही.

इथे थांबा

वरचं सगळं झालं आणि घरघर तशीच आहे, तर उरलेली कारणं आत आहेत: धूळ अडवणारी पातळ फिल्म सैल पडून ग्रिलला फडफडत लागते, पॅनलखालची रबरं दगडासारखी होतात, स्टेटरचा गोंद वयाने सुटतो, डायफ्रॅमचा ताण उतरतो. ही कामं माझ्यासारख्याच्या टेबलावरची. सैल फिल्म गरम करून ताणायला हेअर ड्रायर घेऊन घरी मागचं कव्हर उघडणाऱ्यांना मी नाही म्हणतो.

कारण साधं आहे. ५७ मध्ये बेस पॅनलवर सुमारे ६,००० व्होल्ट असतात, ट्रेबलवर १,५००; ६३ मध्ये ५,२५०. बायसचा, म्हणजे फिल्मवर कायम ठेवलेला, हा दाब मोठ्या रोधांमागून येतो, त्याचा प्रवाह तुटपुंजा. लोक एवढंच ऐकून निर्धास्त होतात. पण अ‍ॅम्प जोडलेला असताना स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला गाण्याचेही हजारो व्होल्ट असतात आणि त्यांच्या मागे अख्खा अ‍ॅम्प उभा असतो. तो धक्का जीव घेऊ शकतो. प्लग काढल्यावरही आत भार टिकून राहतो. रात्रभर ठेवला तरी मी स्वतः मोजून, जमिनीला जोडून घेतल्याशिवाय आत बोट घालत नाही.

कारागीर निवडताना एकच विचारा: हाय व्होल्टेज प्रोब आहे का? साध्या मल्टीमीटरने हे मोजता येत नाही, आणि प्रोब नसलेला माणूस अंदाजाने काम करतो. त्याला तुमचा कागद द्या: कोणता स्पीकर, किती हर्ट्झ, कुठे दाबल्यावर थांबतं, पावसाळ्यात वाढतं का, काय काय करून झालं. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं बिलही.

नेताना स्पीकर उभाच न्या, गाडीच्या मागच्या सीटवर, आडवा टाकू नका. ग्रिलच्या बाजूंना जाड पुठ्ठा बांधा, म्हणजे सीट बेल्टची कडी ग्रिलमध्ये घुसणार नाही. आदल्या रात्रीच प्लग काढून ठेवा. आणि दोन्ही स्पीकर न्या, दोष एकात असला तरी. चांगला स्पीकर शेजारी वाजल्याशिवाय बिघडलेला कितपत सुधारला हे कळायला दुसरा मार्ग नाही.